जैसलमेरच्या धोऱ्यांवरचा सूर्योदय : गटाने जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

थरच्या वाळवंटाच्या सहलीत सूर्यास्ताला सगळे जातात, सूर्योदयाला निम्मे जातात आणि त्या निम्म्यांतलेही बरेच जण उशिरा पोहोचतात. यात आळसाचा भाग थोडाच असतो. सूर्यास्ताची सगळी व्यवस्था कॅम्पवाले, उंटवाले आणि जीपवाले मिळून करून देतात. सूर्योदयाची मात्र गटाला स्वतः करावी लागते, आणि ती करावी लागते हेच मुळात कोणी सांगत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही पुण्याहून २१ जण जैसलमेरला गेलो होतो. ज्या कॅम्पमध्ये उतरलो होतो तिथल्या माणसाने ‘साडेसहाला उठवतो, सातला गाड्या लावतो’ असे सांगितले आणि आम्ही ते निमूट मान्य केले. डिसेंबरातल्या त्या सकाळी गाड्यांची वाट पाहून, माणसे मोजून आणि चढ चढून वर पोहोचेपर्यंत सूर्य चांगला वीतभर वर आला होता. आमच्यातल्या एका ७४ वर्षांच्या मावशींनी ही सहल त्या एका सकाळीसाठीच धरली होती, आणि त्या टेकडीच्या पायथ्याशीच थांबल्या. त्यानंतर मी आणखी तीन वेळा गट घेऊन गेलो आणि प्रत्येक वेळी आधीच्या चुका सुधारत गेलो. पुढे लिहिले आहे ते त्या अनुभवातून आलेले आहे. त्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : धोऱ्यावरच्या, म्हणजे वाळूच्या टेकडीवरच्या, पहाटेतले सर्वांत मोलाचे जे आहे ते सूर्य उगवण्याच्या आधीच्या पाऊण तासात आणि नंतरच्या अर्ध्या तासात घडते, आणि त्यातले बरेचसे सूर्याच्या विरुद्ध बाजूला घडते. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती केलेली आहे.

महिना, तिथी आणि उगवतीची वेळ

वाळवंटात जाण्याचा काळ ऑक्टोबरअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत असतो. त्यातही दिवाळीची सुट्टी, नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला भरणारा मरु महोत्सव या तीन वेळा टाळता आल्या तर टाळाव्यात, कारण त्या दिवसांत धोऱ्यांवर वाळूपेक्षा माणसे जास्त दिसतात. माझी पसंती नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतच्या, म्हणजे साधारण मार्गशीर्षातल्या दिवसांना आहे. आकाश स्वच्छ असते, थंडी सोसवते आणि कॅम्पही पूर्ण भरलेले नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे अधूनमधून ढग येतात, कधी धुकेही पडते. त्यामुळे त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी धोऱ्याजवळ एक रात्र न ठेवता दोन रात्री ठेवाव्यात. एक पहाट ढगांत गेली तरी दुसरी हाती राहते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची वेळेच्या बाबतीत हमखास फसगत होते. घड्याळ तेच असले तरी जैसलमेर आपल्या पश्चिमेला आणि बरेच उत्तरेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात तिथे सूर्य उशिरा उगवतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात सूर्योदय ७ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास होतो, जैसलमेरला तो ७ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होतो. नागपूरकरांना तर पाऊण तासाच्या जवळपास फरक जाणवतो. ढोबळमानाने ऑक्टोबरच्या मध्याला पावणेसात, नोव्हेंबरच्या मध्याला सात-पाच, डिसेंबरअखेरीस साडेसात, फेब्रुवारीच्या मध्याला सात-वीस आणि मार्चच्या मध्याला सहा-पंचावन्न, असा अंदाज धरावा आणि नेमकी वेळ निघण्यापूर्वी त्या तारखेची पाहून घ्यावी. आपल्या पंचांगातली किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली सूर्योदयाची वेळ मुंबईची असते, ती तिथे चालत नाही.

तिथी मात्र दिनदर्शिकेतूनच पाहावी, आणि ती पाहण्याजोगी गोष्ट आहे. पौर्णिमेच्या पहाटे पश्चिमेला चंद्र मावळत असतो आणि पूर्वेला सूर्य उगवत असतो. सपाट क्षितिज असल्यामुळे दोन्ही एकाच जागेवरून दिसतात. शिवाय चढताना बॅटरीची गरज भासत नाही, हा ज्येष्ठांच्या गटाला मोठा फायदा आहे. कृष्ण त्रयोदशी-चतुर्दशीला याच्या उलट असते. रात्र गडद असते, ताऱ्यांनी आकाश भरलेले असते आणि सूर्योदयाच्या तासभर आधी पूर्वेला चंद्राची बारीक कोर उगवते. ज्यांना चालण्याची अडचण नाही अशा गटाने ही तिथी निवडावी.

सम की खुरी

जैसलमेरहून धोरे पाहायला मुख्यतः दोन ठिकाणी जातात. पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम आहे आणि नैर्ऋत्येला पन्नासएक किलोमीटरवर खुरी. समचा वाळूचा पट्टा मोठा आहे. तिथले धोरे उंचीला ३० मीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक भरतात. कॅम्प, रस्ता, उंट, जीप असे सगळे तिथे मुबलक मिळते, आणि म्हणून गर्दीही तिथेच असते. खुरीचे धोरे तुलनेने लहान आहेत, पण गाव शांत आहे. दहा-बारा जणांचा गट असेल तर मी निःशंकपणे खुरी सुचवीन. वीस-पंचवीस जण असतील, त्यात लहान मुले आणि वयस्कर असतील, तर राहण्याच्या सोयीसाठी सम घ्यावे आणि पुढे सांगितल्याप्रमाणे गर्दीपासून लांब जावे.

कॅम्प ठरवताना बहुतेक लोक तंबूतली गादी, गरम पाणी आणि रात्रीचे नाचगाणे एवढ्याचीच चौकशी करतात. सूर्योदयासाठी जाणाऱ्यांनी तीन वेगळे प्रश्न विचारावेत. धोरा कॅम्पपासून पायी किती अंतरावर आहे, हा पहिला. काही कॅम्प टेकड्यांना अगदी लागून असतात आणि काही रस्त्याने चांगले तीन-चार किलोमीटर अलीकडे असतात. ‘जवळच आहे’ या उत्तरावर न थांबता मिनिटांत विचारावे. पहाटे साडेपाचला चहा मिळेल का, हा दुसरा. ध्वनिवर्धक रात्री किती वाजता बंद होतो, हा तिसरा, आणि त्याचे उत्तर अकराच्या पुढचे असेल तर दुसरा कॅम्प पाहावा. कालबेलियांचे नृत्य आणि मांगणियारांचे गाणे (दोन्ही तिथल्या लोककलावंतांच्या जमाती) मनापासून ऐकण्यासारखे असते, पण त्यानंतर फिल्मी गाण्यांवर मध्यरात्रीपर्यंत नाचलेला गट पहाटे पाचला उठत नाही.

पुण्या-मुंबईच्या गटाने जोधपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे सुमारे २८० किलोमीटर रस्त्याने जाणे सर्वांत सोयीचे पडते. त्या रस्त्याला साडेचार-पाच तास लागतात. त्याच दिवशी सूर्यास्त, रात्रीचा कार्यक्रम आणि लगेच पहाट असे सगळे एकत्र ठासू नये. एक मुक्काम जैसलमेर शहरात करून, किल्ला पाहून, मग दुपारी धोऱ्याकडे निघावे.

आदल्या संध्याकाळची पाहणी

सगळ्या मार्गदर्शनातली ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच नेमकी वगळली जाते. गट सूर्यास्त पाहत असताना दोघांनी जवळच्या धोऱ्यांवर फिरून सकाळची जागा ठरवून ठेवावी. अंधारात सगळे धोरे सारखे दिसतात. पहाटे जागा शोधत बसण्यात तो मोलाचा पाऊण तास निघून जातो.

जागा ठरवताना वाळूची रचना माहीत असली की काम सोपे होते. थरमध्ये वाळू हलवणारे जोराचे वारे उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून वाहतात. त्यामुळे बहुतेक धोऱ्यांचा नैर्ऋत्येकडचा उतार लांब, सौम्य आणि दडपलेल्या वाळूचा असतो, तर ईशान्येकडची बाजू एकदम उभी आणि भुसभुशीत असते. कोरडी वाळू साधारण ३२ ते ३४ अंशांपेक्षा जास्त उतारावर टिकत नाही, ती घसरते. ती उभी बाजू नेमकी त्याच कोनात थबकलेली असते. चढायचे ते नेहमी सौम्य बाजूने आणि शक्य तितके माथ्याच्या कडेने.

यानंतर दिशा पाहावी. हिवाळ्यात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. डिसेंबरअखेरीस तो जैसलमेरला पूर्वेपासून सुमारे २६ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर पूर्वेला येतो. मोबाइलमधल्या होकायंत्रावर पूर्व पाहून हात लांब करावा आणि मूठ आडवी धरावी. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. पूर्वेच्या उजवीकडे अडीच मुठी मोजल्या की डिसेंबरातली उगवतीची जागा सापडते. त्या दिशेला आपल्यापेक्षा उंच धोरा, कॅम्पचे दिवे किंवा मोबाइलचा मनोरा येत नाही ना, ते पाहावे. आणि मग पाठ फिरवून पश्चिमेकडेही पाहावे. त्या बाजूला दूरवर मोकळी, न तुडवलेली वाळू दिसायला हवी.

न तुडवलेली वाळू सहजासहजी मिळत नाही, याचे कारण हिवाळ्यातला वारा मंद असतो. उन्हाळ्याच्या वादळी दिवसांत पावलांच्या खुणा काही तासांत बुजतात; डिसेंबरात आदल्या संध्याकाळी शेकडो माणसे, उंट आणि जीप ज्या धोऱ्यावर फिरल्या, तो धोरा सकाळीही तसाच उकरलेला दिसतो. म्हणून गर्दीच्या धोऱ्यापासून किमान एक किलोमीटर आत जावे. समला रस्त्याला लागून असलेला पहिला मोठा धोरा ओलांडून पुढच्या दोन रांगा पार केल्या की पायांखालचा रंगच बदलतो : वाऱ्याने विणलेल्या, वीतभर किंवा त्याहून कमी अंतरावर उमटलेल्या लाटा सुरू होतात. जवळ बसून पाहिले तर प्रत्येक लाटेच्या माथ्यावर जरा जाड, गडद कण आणि खळग्यात बारीक, फिकट कण दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात हीच नक्षी जिवंत होते, म्हणून ती जपायची.

जागा ठरली की मोबाइलवर तिची खूण करून ठेवावी, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण या सीमाभागात संपर्कजाळे मधूनच जाते. वाटेत ओळखू येईल असे एखादे खेजडीचे झाड (आपल्याकडे दसऱ्याला पूजतात ती शमी हीच), खींप किंवा फोगाचे झुडूप पाहून ठेवावे, आणि शेवटच्या वळणावर काठीला पांढरे फडके बांधून ती वाळूत रोवावी. परतताना काठी आणि फडके दोन्ही आठवणीने काढून आणावे.

उंट हवे असतील तर उंटवाल्याशी याच वेळी बोलून घ्यावे. तो कॅम्पच्या माणसापेक्षा खरी वेळ सांगतो आणि शांत धोरा कोणता तेही त्यालाच ठाऊक असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी उंट ही चैन नाही, सोय आहे. पहाटेचे भाडे वेगळे ठरवावे आणि ते थेट त्याच्या हातात द्यावे.

रात्रीची तयारी

वाळवंटात ढग नसतात, हवा कोरडी असते आणि वाळू दिवसा कमावलेली उष्णता रात्रीतून आकाशाकडे सोडून देते. त्यामुळे सर्वांत कडाक्याची थंडी मध्यरात्री न पडता सूर्योदयाच्या सुमारास पडते. दुपारी पंचविशीच्या जवळ असलेला पारा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ८ अंशांच्या आसपास आणि कधी त्याहूनही खाली येतो. एक जाड जाकीट घालण्यापेक्षा आत सुती, वर लोकरी आणि सर्वांत वर वारा अडवणारे असे तीन थर घालावेत, कारण चढताना घाम येतो आणि बसल्यावर तोच घाम गारठतो. कानटोपी, हातमोजे आणि लोकरी मोजे प्रत्येकाने उशाशी काढून ठेवावेत. पायांत चप्पल नको. अनवाणी चालण्याची हौस सूर्य वर आल्यावर पुरवावी. पहाटेची वाळू पाय बधिर करते.

बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत. या भागात विंचू आहेत आणि फुरसेही आहे. थंडीत त्यांचा वावर कमी असतो, तरी झुडपांच्या बुंध्याशी हात घालू नये आणि अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. बॅटरीच्या काचेवर लाल पतंगाचा कागद दोन पदरी गुंडाळावा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या झोताने सगळ्या गटाचे डोळे पुन्हा दिपतात. लाल उजेडात तसे होत नाही.

गटासाठी म्हणून एक पिशवी वेगळी भरावी. तिच्यात दोन सतरंज्या, चहाचे थर्मास, पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा लाडू, प्रथमोपचाराचे साहित्य आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी असावी. वयस्करांसाठी घडीचे स्टूल न्यावे, पण त्याचे पाय वाळूत रुततात आणि बसणारा कलंडतो, म्हणून खाली ठेवायला चौपदरी घडी केलेले पोते किंवा प्लायवुडचा फूटभर तुकडा घ्यावा. ही युक्ती मला एका उंटवाल्याने शिकवली.

ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात असावे. जिल्हा आंतरराष्ट्रीय सीमेचा आहे, त्यामुळे परवानगीशिवाय ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये.

पहाटेचे वेळापत्रक

सूर्योदय साडेसातचा धरून मी गटाला जे वेळापत्रक देतो ते असे. पाच वाजून वीस मिनिटांनी दोन जण उठून इतरांना उठवतात. हे काम कॅम्पवर सोपवू नये. पावणेसहाला चहा होतो. सहापर्यंत सर्वांनी शौचालयाला जाऊन यावे, विशेषतः महिलांना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवावे, कारण धोऱ्यावर नंतर दोन तास कसलीही सोय नसते आणि त्या चिंतेने अनेक जणी पाणी पिण्याचेच टाळतात. सहा वाजून पाच मिनिटांनी मोजणी होते आणि सहा-दहाला गट निघतो. सव्वासहा-साडेसहाला पूर्वेकडे फिकट उजेड जाणवू लागतो, आणि पावणेसातला सगळे आपापल्या जागी बसलेले असतात.

माणसे मोजायला सोपी पद्धत म्हणजे आदल्या रात्रीच जोड्या लावून द्याव्यात. एक तरुण, एक ज्येष्ठ अशी जोडी असावी. वाटेत ‘आपला जोडीदार आहे का’ एवढेच विचारले की वीस जणांची मोजणी दहा सेकंदांत होते. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला चालतो, सर्वांत मागे शिट्टी असलेला चालतो आणि मागच्याच्या मागे कोणीही राहत नाही.

चालताना घाई करू नये. मऊ वाळूत चालायला सपाट कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक श्रम पडतात. पाऊल पूर्ण सपाट टाकावे, टाच रोवू नये, पुढच्याच्या पावलाच्या ठशातच आपले पाऊल ठेवावे, आणि चढ सरळ न चढता नागमोडी चढावा. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असलेल्यांना पहिल्या धोऱ्याच्या सौम्य उतारावर अर्ध्यात बसवले तरी दृश्यात फारसे उणे होत नाही; मात्र त्यांच्याजवळ एक जण थांबलाच पाहिजे. उंटावर बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. दोन्ही वेळा बसणारा पुढे झुकतो, म्हणून दोन्ही वेळा अंग मागे टाकावे आणि खोगिराची मूठ घट्ट धरावी.

माथ्यावर पोहोचल्यावर सर्वांनी एका ओळीत, माथ्याच्या किंचित खाली बसावे. माथ्याच्या धारेवर उभे राहिले की ती ढासळते, आणि पुढच्या अर्ध्या तासात पाहायची असते ती नेमकी तीच धार. बसल्यानंतर बोलणे बंद ठेवावे अशी सूचना आधीच द्यावी. पहिल्या पाच मिनिटांत कुजबुज होते, नंतर थांबते आणि मग दूरच्या उंटाच्या गळ्यातली घंटा ऐकू येऊ लागते.

त्या पाऊण तासात काय पाहावे

पहिली वीस मिनिटे पूर्वेकडे पाहावे. तारे एकेक करून विझतात. उत्तरेला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २७ अंशांवर, म्हणजे आपल्याकडे दिसतो त्यापेक्षा चांगलाच वर असतो, आणि डिसेंबरात सप्तर्षी त्या वेळी उंच आलेले असतात. क्षितिजाशी आधी करडा, मग मातकट नारिंगी पट्टा उमटतो. हवेत धूळ असेल तर तो पट्टा अधिक तांबूस असतो.

सात वाजून पाच-दहा मिनिटांच्या सुमारास, म्हणजे सूर्योदयाला वीस-पंचवीस मिनिटे असताना, सर्वांना पाठ फिरवायला सांगावे. पश्चिम क्षितिजावर एक निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो खालचा करडा पट्टा ही प्रत्यक्ष पृथ्वीची सावली असते, वातावरणावर पडलेली. सूर्य जसजसा क्षितिजाच्या जवळ येतो तसतशी ती सावली खाली बुडत जाते आणि गुलाबी रंग वाळूला येऊन टेकतो. डोंगराळ मुलखात हे क्वचित नीट दिसते. इथे क्षितिज मोकळे असल्यामुळे ते या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. ज्या मावशींचा उल्लेख सुरुवातीला केला, त्या पुढच्या वर्षी पुन्हा आल्या होत्या, उंटावरून वर आल्या होत्या. त्यांनी हे पाहिले आणि स्टूल पश्चिमेकडे फिरवून घेतले. सूर्य वर आला तेव्हा त्यांची त्याच्याकडे पाठ होती आणि त्या समोरच्या धोऱ्याच्या माथ्यावर ऊन उतरताना पाहत होत्या.

बिंब क्षितिजावर दिसू लागल्यापासून पूर्ण वर यायला सुमारे अडीच-पावणेतीन मिनिटे लागतात. एवढाच वेळ पूर्वेकडे पाहावे, तेही दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून थेट नाही. क्षितिजावर धुळीचा थर असेल तर बिंब दिलेल्या वेळेपेक्षा चार-पाच मिनिटे उशिरा आणि लाल होऊन दिसते. गट उठू लागतो, त्याला थोपवावे.

मग पुन्हा वाळूकडे वळावे. पहिल्यांदा फक्त उंच धोऱ्यांचे माथे पेटतात आणि खळगे निळे राहतात. सूर्य पाच अंशांवर आला, म्हणजे साधारण पंचवीस मिनिटांनी, तेव्हा कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या अकरापट असते. साडेपाच फुटांच्या माणसाची सावली साठ फूट जाते, आणि बोटभर उंचीच्या वाळूच्या लाटेचीही सावली पुढच्या लाटेपर्यंत पोहोचते. म्हणूनच ती नक्षी या वेळी इतकी खोल दिसते. सूर्य दहा अंशांवर जाईपर्यंत सावल्या निम्म्या होतात आणि तासाभरानंतर वाळू पुन्हा सपाट, पिवळी दिसू लागते.

याच वेळी रात्रीच्या खुणा वाचायला मिळतात, आणि मुलांना सोबत नेण्याचे सर्वांत चांगले निमित्त हेच आहे. काळ्या भुंगेऱ्याची पावले वाळूवर शिवणीच्या दुहेरी टाक्यांसारखी उमटलेली असतात. उंदराच्या जातीतले जर्बिल झुडपाच्या मुळाशी ये-जा करून गेलेले असते, कोल्ह्याची पावले एका सरळ रेषेत ओवलेली दिसतात. एकदा आम्हाला भुंगेऱ्याची ओळ एका जागी थांबलेली दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंखांच्या पिसांचे हलके फटकारे उमटलेले होते. आठ वर्षांची एक मुलगी त्याच्याशेजारी उकिडवी बसून कितीतरी वेळ बोटाने हवेतच ती रेघ गिरवत होती.

छायाचित्रांविषयी थोडे

ज्यांना छायाचित्रे घ्यायची आहेत त्यांनी गटाच्या पुढे न जाता बाजूला बसावे, म्हणजे इतरांच्या दृश्यात पावले उमटत नाहीत. सूर्य समोर ठेवण्यापेक्षा तो डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवला तर वाळूची नक्षी उठून येते. मोबाइलवर उजळ आकाशावर बोट टेकवून उजेड कमी करून घ्यावा. वाळूत भिंग बदलू नये आणि कॅमेरा बंद पिशवीत ठेवावा. गटाचे एकत्रित छायाचित्र शेवटी, उतरायच्या वेळी घ्यावे. आधी घेतले की सगळ्यांचा पसारा होतो आणि पुन्हा कोणी बसत नाही.

परतताना

उतरताना आलेल्या वाटेनेच उतरावे. मुलांना उभ्या बाजूने घसरायचे असते, ते त्यांना करू द्यावे, पण खाली कोणी बसलेले नाही हे पाहून आणि एका वेळी एकालाच. चहाचे कागदी पेले, लाडवांचे कागद, पाण्याच्या बाटल्या मोजून परत आणाव्यात. वाळूत पुरलेले प्लास्टिक वाऱ्याने पुन्हा उघडे पडते आणि ते गाई-उंटांच्या पोटात जाते. सम आणि खुरी ही दोन्ही ठिकाणे ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरु राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत, आणि सोलापूरच्या नान्नजला आता जवळपास दिसेनासा झालेला आपला माळढोक जिथे अजून तग धरून आहे, तो मुलूख हाच. तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. जीपवाल्याने वाट सोडून गवताळ रानातून गाडी घालण्याची तयारी दाखवली तरी गटाने नकार द्यावा.

कॅम्पवर आल्यावर बूट, मोजे आणि पॅन्टच्या दुमडी तंबूबाहेर झटकाव्यात. थंड कॅमेरा लगेच उबदार खोलीत उघडू नये, त्यावर दव धरते. पिशवीतच अर्धा तास ठेवावा. जे वर येऊ शकले नाहीत त्यांच्याजवळ जाऊन बसावे आणि दुसऱ्या पहाटेसाठी त्यांचा उंट तेव्हाच ठरवून टाकावा. न्याहारी सावकाश होऊ द्यावी, आणि त्या दिवशी पुढच्या मुक्कामाला निघण्याची वेळ साडेदहाच्या आधीची ठेवू नये, म्हणजे माथ्यावर बसलेल्या माणसांना घड्याळ पाहून उठवावे लागत नाही.